योगाच्या इतक्या वाटा, त्यातली आपली कोणती?

प्रश्न उदगीरच्या एका ताईंचा आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय 38, दोन मुलं, वह्या तपासून मान आखडते आणि रात्री एक-दीड वाजेपर्यंत झोप लागत नाही. त्या लिहितात ते थोडक्यात असं: गावात एक सर अष्टांग शिकवतात. दुसऱ्या चौकात ‘सात दिवसांत कुंडलिनी जागृती’चा फलक लागलाय. भाऊ इगतपुरीला विपश्यना करून आला आणि तेवढंच खरं म्हणतो. मोबाइलवर रोज नवे योगगुरू दिसतात. घरी सासूबाई म्हणतात, संध्याकाळी हरिपाठ म्हण, तोच योग. यातला मूळचा कोणता, खरा कोणता, आणि माझ्यासारखीनं सुरुवात कुठून करावी?

ताई, मूळ कोणतं या प्रश्नात माणसं वर्षानुवर्षं अडकून पडतात, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. योगाचा एकच मूळ झरा होता आणि बाकीच्यांनी त्यात भेसळ केली, असं चित्र इतिहासात सापडत नाही. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी मनाला आवर घालण्याचे उपाय शोधले. कुणी शरीराला हात घातला, कुणी श्वासाला, कुणी भावाला, कुणी विचाराला. जे खरे जाणकार होते ते समोरचा माणूस बघून उपाय देत. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे असं माझं मत आहे, पण ते पटायला थोडी वाट चालावी लागेल.

मी अंबाजोगाईत शिकवते. या एका गावात मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची समाधी आहे आणि ग्रामदेवता योगेश्वरी आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके 1110, म्हणजे 1188 चा मानतात. तो सगळा ज्ञानमार्ग आहे: मी कोण, हे शरीर कोण, बघणारा कोण, असा विचार करत जाणं. दासोपंत दत्तभक्त, पण त्यांनी गीतेवर अफाट लिहिलं, आणि कागद पुरेना म्हणून की काय, पंचमहाभूतांचा तो अवघड विचार, पंचीकरण, लांबलचक कापडावर लिहून ठेवला. ती पासोडी आमच्या गावाचं वैभव आहे. भक्त आणि ज्ञानी अशी माणसांची विभागणी आपण पुस्तकं वाचताना करतो. दासोपंतांच्या पासोडीपुढे उभं राहिलं की ती टिकत नाही.

आता पतंजलींकडे येऊ, कारण सगळे जण त्यांचंच नाव घेतात. योगसूत्रांत चार पाद आणि 195 सूत्रं आहेत (काही पाठांत 196). त्यात आसनावर सूत्रं किती? तीन. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडून ते साधावं, आणि मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशा द्वंद्वांचा त्रास होत नाही, एवढंच. कोणत्या आसनात पाय कुठे ठेवायचा याचा मूळ सूत्रांत एक शब्द नाही. उरलेला सगळा ग्रंथ मनाबद्दल आहे: वृत्ती कशा उठतात, क्लेश कोणते, चित्त एका जागी धरायचं कसं. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी ही आठ अंगं तिथली. त्यामुळे तुमच्या गावातले सर ‘अष्टांग’ म्हणतात तेव्हा त्यांना विचारा की कोणतं? घाम काढणारी, सूर्यनमस्कार घालत एका आसनातून दुसऱ्यात उडी मारत जाणारी जी पद्धत आज जगभर त्या नावानं चालते, ती विसाव्या शतकात म्हैसूरला पट्टाभी जोइस यांनी रुजवली. पद्धत उत्तम आहे, पण ती पतंजलींची आठ अंगं नव्हे. नाव एकच असल्यानं शिकणाऱ्याचा घोळ होतो.

मग आसनं, बंध (शरीराचा एखादा भाग आवळून धरणं), मुद्रा, नौली (पोटाचे स्नायू फिरवणं), धौती (पोटाची शुद्धी) हे सगळं आलं कुठून? मुख्यतः हठयोगातून, आणि हठयोग म्हटला की नाथपंथ आलाच. इथे मात्र आपल्या मराठवाड्याला अभिमानानं बोलायला जागा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरांत चला. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा म्हणजे मच्छिंद्रनाथांचं स्थान. पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त स्वात्माराम सुरुवातीलाच सांगतात की ही विद्या मत्स्येंद्र-गोरक्षांना ठाऊक होती. म्हणजे ज्या नावांच्या जत्रेला आपली माणसं बैलगाडीनं, आता जीपनं जातात, तीच नावं हठयोगाच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहेत. लंडनच्या योगवर्गात पाठीला पीळ देऊन जे मत्स्येंद्रासन करतात, त्याचं नावही तेच.

याच परंपरेत गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांना आणि निवृत्तीनाथांकडून ज्ञानदेवांना दीक्षा मिळाली. ज्ञानदेवांचं आपेगाव पैठणजवळ, गोदाकाठी. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची. तिचा सहावा अध्याय मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी वाचायला लावते. गीतेच्या मूळ श्लोकांत आसन, एकांत, सरळ मान आणि नाकाच्या शेंड्यावर नजर एवढंच आहे. ज्ञानदेव तिथे थांबून आपल्या पंथाची विद्या उघड करतात: टाच कुठे लावायची, मूळबंध कसा पडतो, हनुवटी गळ्याच्या खोबणीत बसली की जालंधर, पोट पाठीकडे गेलं की वोढियाणा. तिन्ही बंध, आणि तेही मराठीत, ‘हठप्रदीपिके’च्या आधी. त्यानंतर कुंडलिनीचं वर्णन येतं:

नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥

कुंकवात न्हालेलं, वेटोळं घालून निजलेलं नागिणीचं पिलू. या वाटेला ज्ञानदेव ‘पंथराज’ म्हणतात. आणि त्याच अध्यायात अर्जुन म्हणतो की मन फार चंचल आहे, हे मला जमणार नाही. त्यावर श्रीकृष्णांचं उत्तर: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनीही मन आवरण्याचे उपाय हेच दोन सांगितलेत, याच शब्दांत. दोन वेगळ्या परंपरांचे हे दोन ग्रंथ, पण इथे एका ठिकाणी येऊन मिळतात.

राजयोग, म्हणजे ध्यानाची, मन आवरण्याची वाट, श्रेष्ठ की शरीर-श्वासाची वाट असलेला हठयोग, हा वाद तुम्ही ऐकला असेल. ‘हठप्रदीपिका’ स्वतःच तो मिटवते: हठाशिवाय राजयोग साधत नाही आणि राजयोगाशिवाय हठ साधत नाही. हठयोग ही राजयोगाकडे चढायची शिडी, असं ग्रंथाच्या पहिल्याच श्लोकात आहे. आज बहुतेक वर्ग शिडीच्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच व्यायाम घेतात. त्यातही शरीराचा फायदा आहे आणि मला त्याचं वावडं नाही. फक्त आपण पहिल्या पायरीवर आहोत हे ठाऊक असावं.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की मुलांना घेऊन एकदा वेरूळला जा. कैलास लेणं सगळेच बघतात, पण योगाच्या नजरेनं बाकीची लेणी फिरा. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. बाराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर सात बुद्ध ओळीनं बसलेत. त्यांचे खांदे बघा, कुठेही ताण नाही. एकोणतिसाव्या, धुमार लेण्यात कमळावर बसलेला योगी शिव आहे. आणि बत्तिसाव्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, बाहुबली उभे आहेत. हात दोन्ही बाजूंना सैल सोडलेले, पाय जमिनीत रोवल्यासारखे, आणि मांड्यांवर-दंडांवर वेली चढलेल्या. इतका वेळ हलले नाहीत की वेल वर चढली. जैन परंपरेत या उभ्या ध्यानाला कायोत्सर्ग म्हणतात. ताडासनात उभं राहताना माझे विद्यार्थी दहाव्या सेकंदाला पाय बदलतात, तेव्हा मी त्यांना या मूर्तीची आठवण देते. तीन धर्म एकाच डोंगरात शेजारी शेजारी कोरले गेले, आणि तिघांनीही आपला सर्वोच्च माणूस निश्चल असाच दाखवला. पुस्तकातल्या दहा व्याख्यांपेक्षा हे बघणं मला जास्त शिकवून गेलं.

आजच्या पद्धतींबद्दल आता. तुम्हाला मोबाइलवर जे दिसतं त्यातला मोठा भाग दोन-चार माणसांपासून निघाला आहे. म्हैसूरच्या राजवाड्यात 1930 च्या दशकात टी. कृष्णमाचार्य (1888–1989) योगशाळा चालवत. समोर अंगात रग असलेली पोरं, म्हणून वेगवान, दमवणारे क्रम बसवले. पट्टाभी जोइस तिथलेच. बी. के. एस. अय्यंगार हेही त्यांचेच शिष्य. ते 1937 मध्ये पुण्याला आले आणि तिथेच स्थिरावले. स्वतः लहानपणी आजारी, अशक्त होते, त्यामुळे शिकवताना कमजोर शरीराला आसन कसं पेलवेल याचा त्यांनी ध्यास घेतला. ठोकळे, पट्टा, लोड, खुर्ची, भिंतीला दोर, अशी साधनं वापरून साठीचा माणूसही आसनात पाच मिनिटं निवांत राहील, ही त्यांची देणगी. कृष्णमाचार्यांनी पुढे मद्रासला गेल्यावर गृहस्थांना एकेकट्यानं शिकवलं, श्वासाला धरून, सावकाश, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे. गुरू एकच, आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्या पद्धती एकमेकींपासून इतक्या वेगळ्या! त्यांच्यात खरं-खोटं ठरवण्यात अर्थ नाही. विद्यार्थी वेगळे होते, म्हणून शिकवणं वेगळं झालं.

आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं. उड्डियान (ज्ञानदेवांचा वोढियाणा) आणि नौली करताना पोटात नेमकं काय घडतं हे त्यांनी क्ष-किरण लावून तपासलं. त्या काळात हे धाडसच होतं. तिथल्या शिकवण्यात घाई नाही. शिवानंदांची हृषीकेशची परंपरा आणि त्यांचे शिष्य सत्यानंद यांची मुंगेरची बिहार योग परंपरा या दोन्हींत आसनाइतकंच विश्रांतीला महत्त्व आहे. योगनिद्रा, म्हणजे पडून, जागेपणी घ्यायची विश्रांती, आज सगळीकडे पोचली ती बरीचशी मुंगेरमुळे. सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेण्याचं काम साताऱ्याकडच्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी केलं. आणि बलोपासनेचा आग्रह धरणारे समर्थ तर आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. ‘पॉवर योगा’, ‘हॉट योगा’ यांवर मी वेळ घालवणार नाही. मे महिन्यात 42 अंशांत पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला खोली तापवून योग करायची गरज नाही.

विपश्यनेबद्दल तुमच्या भावाचा उत्साह मला समजतो. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून ही पद्धत घेऊन आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी 1976 मध्ये सुरू झालं. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघणं. चौथ्या दिवसापासून सगळ्या शरीरावरच्या संवेदना बघत जायचं, आवड-नावड न करता. फी नाही, दानावर चालतं. ही बुद्धांच्या परंपरेतली साधना आहे, ते लोक तिला योग म्हणत नाहीत आणि शिबिरात आसनं-प्राणायामही करू देत नाहीत. तो नियम योग्यच आहे. दोन पद्धती एकदम केल्या की कशानं काय झालं हे कळत नाही. शाळेत मुलांच्या ध्यानाच्या ‘मित्रा’ उपक्रमात आनापान तुम्ही मुलांकडून करून घेतलं असेल, तेच बीज आहे. पण तुम्ही लगेच दहा दिवसांना जाऊ नका असं मी सांगेन. ज्याची झोप महिनोन्‌महिने बिघडली आहे त्यानं आधी झोप सावरावी. नैराश्याची किंवा दुसरी मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांशी बोलावं आणि शिबिराच्या अर्जात लपवू नये.

आता सासूबाईंचं म्हणणं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण शिकलेली माणसं या वाटेला सगळ्यात हलकं लेखतात. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी सात-आठ बाया हरिपाठाला बसतात. मी त्यांचं श्वास घेणं नीट लक्ष देऊन बघितलं आहे. टाळी एका लयीत पडते. ओळ सुरू करताना झटकन एक श्वास, मग पूर्ण चरण एका सुटत्या श्वासावर. पुन्हा श्वास, पुन्हा चरण. श्वास घ्यायला थोडका वेळ आणि सोडायला लांब वेळ, असं अर्धा-पाऊण तास. प्राणायामाच्या वर्गात मी ‘श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला दुप्पट वेळ लावा’ म्हणून घसा कोरडा करते आणि लोक तिसऱ्या मिनिटाला मोजणं विसरतात. त्या बायांना मोजावं लागत नाही, अभंगच मोजतो. शिवाय मन कुठे ठेवायचं हा प्रश्न सुटलेला असतो, कारण समोर विठ्ठल आहे. त्यातल्या एक आजी, सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून म्हणतात. सत्तावीस अभंग झाल्यावर त्यांचा चेहरा बघावा. धारणा, म्हणजे मन एका जागी धरणं, शिकवायला मला त्याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्याच हरिपाठात ज्ञानदेव म्हणतात, ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धी । वायांचि उपाधी दंभधर्म’. पंथराजाचं गुणगान करणारे तेच ज्ञानदेव योगानं सिद्धी होत नाही कसं म्हणतात? हा प्रश्न मला कीर्तनकारांनीही विचारलाय. मला तो विरोध वाटत नाही. त्याच अभंगात पुढे आहे, ‘भावेंवीण देव न कळे नि:संदेह । गुरुविणें अनुभव कैसा कळे’. भाव नसलेला, दाखवायचा योग त्यांना नको आहे. आणि सहावा अध्याय गुरूजवळ बसून आयुष्य त्यात घालणाऱ्या साधकासाठी आहे, तर हरिपाठ दळणकांडण करणाऱ्या बाईसाठी, नांगरणाऱ्या गड्यासाठी. बालाघाटातून आलेली अवघड विद्या ज्यांनी स्वतः पचवली, त्यांनीच लोकांच्या हातात नाम दिलं. समोरचा माणूस बघून उपाय द्यायचा, हे मी वर म्हटलं ते हेच. नरसीचे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, गंगाखेडच्या जनाबाईंनी दळताना नाम घेतलं, तेरच्या गोरोबाकाकांनी चिखल तुडवताना. एकाच काळात, एकट्या मराठवाड्यात, किती तऱ्हा!

कर्मयोगाबद्दल थोडकंच लिहिते, कारण त्यावर भाषणं खूप होतात. एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे होते तेव्हाची गोष्ट सांगतात. हिशेबात एका पैची चूक निघाली, ती शोधत नाथ रात्रभर बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी इतकी एकाग्रता, तीच देवाकडे लावलीस तर? नाथ पुढे पैठणला घरसंसारात राहिले. तुम्ही रात्री वह्या तपासता तेव्हा मन कुठे असतं, हे एकदा बघा. पन्नास वह्या चिडचिड करत तपासणं आणि त्याच पन्नास एकेक करून तपासणं, काम तेवढंच, पण मानेच्या स्नायूंना फरक कळतो.

‘सात दिवसांत कुंडलिनी’च्या फलकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. ज्ञानेश्वरीतलं कुंडलिनीचं वर्णन वाचून माझ्याही अंगावर काटा येतो, पण त्याच अध्यायात जागा कशी असावी, आहार-झोप किती नेमकी असावी, अभ्यास किती धीरानं करावा हेही सगळं येतं. ‘युक्ताहारविहारस्य’ हा श्लोक त्याच अध्यायातला. झोप नसलेल्या माणसाला जोरजोरात भस्त्रिका (भात्यासारखा श्वास), लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि डोळे मिटून तासभर संगीत, असं सात दिवस दिलं तर अंगात कंप येतो, रडू फुटतं, विचित्र भास होतात. त्याला जागृती म्हणून फी घेतली जाते. माझ्याकडे अशा वर्गातून आलेल्या लोकांना आधी दोन-तीन महिने नुसतं जमिनीवर नीट झोपायला शिकवावं लागलं आहे. शक्तिपाताच्या, म्हणजे गुरूनं शिष्याची शक्ती जागी करण्याच्या, जुन्या, जबाबदार परंपरा महाराष्ट्रात आहेत, मी त्यांचा आदर करते. त्यांची चौकात जाहिरात लागत नाही.

शिक्षक कसा ओळखायचा? पहिल्या दिवशी तो तुम्हाला आजार, ऑपरेशन, पाळी, औषधं विचारतो का बघा. वर्ग चालू असताना तो स्वतःची आसनं दाखवत बसतो की तुमच्याकडे बघतो, ते बघा. ‘हे केलं की बीपीची, शुगरची गोळी बंद’ म्हणाला तर त्याच दिवशी घरी या. बाकी तो कोणत्या परंपरेचा आहे हे मी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर ठेवीन.

आता तुमच्यासाठी. सुरुवात करण्याआधी बीपी मोजून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. बायकांची झोप आणि थकवा यामागे पुष्कळदा तेच असतं, आणि त्याला आसन हा इलाज नाही. मान दुखते तेव्हा हाताला मुंग्या येतात का, बोटांत जोर कमी वाटतो का? तसं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन तुम्ही सध्या करायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. मान गोल गोल फिरवायचीही नाही.

सकाळी शाळेच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं काढा. सतरंजीवर घोंगडी टाका, महागड्या मॅटची गरज नाही. ताडासन, हात वर करून तेच. मांजरासारखं ओणवं होऊन पाठ वर-खाली. भुजंगासन, पण नाभी जमिनीलाच ठेवून, छाती थोडीच उचलायची, मान मागे टाकायची नाही. बसून वक्रासन, म्हणजे पाठीला पीळ, दोन्ही बाजूंना. सेतुबंधासन, म्हणजे पाठीवर पडून कंबर उचलणं. मग शवासन, डोक्याखाली चादरीची दुमड ठेवून, कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच राहील असं. मान दुखणाऱ्याला या एका दुमडीनं जेवढा आराम मिळतो तेवढा बाकी कशानं मिळत नाही. नंतर पाच मिनिटं अनुलोम-विलोम, श्वास न रोखता. कुंभकाची घाई नको. एप्रिल-मेमध्ये त्याऐवजी शीतली करा, जीभ नळीसारखी वळवून आत घेतलेला श्वास उकाड्यात बरा वाटतो. सर्दी असेल किंवा धुळीत बसला असाल तर ती टाळा.

संध्याकाळी सासूबाईंसोबत हरिपाठ म्हणा. मोठ्यानं, टाळी वाजवत, चरण अर्ध्यात न तोडता. हे मी त्यांचं मन राखायला सांगत नाही, तुमच्या झोपेसाठी सांगते आहे. जेवण आठच्या आत, आणि पोट थोडं रिकामं ठेवून. ‘हठप्रदीपिके’त पोटाचा चौथा भाग मोकळा सोडायला सांगितलाय, आणि फार तिखट, आंबट, खारट वर्ज्य आहे. ठेचा पूर्ण सोडा असं मी आपल्या भागात कुणाला सांगत नाही, पण रात्रीच्या जेवणात नको. झोपायच्या आधी भिंतीला पाय लावून, कमरेखाली उशी घेऊन दहा मिनिटं पडून राहा. पाळीच्या दिवसांत उशी काढून टाका. मग अंथरुणावर बसून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, सात-आठ वेळा, कानावर बोटं ठेवून. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

हे तीन महिने बदलू नका. मधेच कुणी नवीन काही सांगितलं तर ऐकून घ्या आणि पुढच्या वर्षासाठी ठेवा. झोप आणि मान सावरली की भावाबरोबर दहा दिवस विपश्यनेला जायला माझी हरकत नाही. आणि उदगीर-लातूरकडे आसन नीट शिकवणारं कुणी भेटलं तर आठवड्यातून दोनदा तिथे जा. हाताला धरून खांदा कुठे सैल सोडायचा हे दाखवणारं माणूस लागतंच, ते लिहून सांगता येत नाही.

सुरुवात कधी? ‘घेरंडसंहिते’त योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, भर उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत करू नये असं सांगितलंय. आपल्याकडच्या हवेला ते अगदी लागू पडतं. घटस्थापनेच्या सुमारास ढग निघून गेलेले असतात, पहाटे हवा कोरडी आणि गार असते, उठायला जड जात नाही. रक्ताच्या तपासण्या त्याआधी करून ठेवा आणि त्या आठवड्यात बसा.